दोन पौंड हवा

श्रावण तायडे टायरमधली हवा काट्याने मोजत नसे. बोटांची मधली पेरं टायरवर दोनदा ठोकायची, आवाज ऐकायचा आणि सांगायचं, "चाळीस हाये. बस झालं." एखाद्या गिऱ्हाइकाने संशय घेऊन काटा लावलाच तर काटाही चाळीसच दाखवी, आणि मग श्रावण त्या गिऱ्हाइकाशी दिवसभर बोलत नसे. अकोल्याच्या जुन्या शहरात मोर्णा नदीच्या काठाला पत्र्याच्या छपराखाली त्याचं पंक्चरचं दुकान होतं. कापसाच्या जिनिंगचे ट्रक, मास्तरांच्या सायकली, रबरी चाकांच्या बैलगाड्या, सगळ्यांच्या चाकांची दुखणी तिथे यायची.

हात असा पक्का असूनही त्याने एक नियम कधी मोडला नाही. गिऱ्हाईक सांगेल त्याहून दोन पौंड हवा तो कमी भरी. तसे वऱ्हाडातले सगळेच टायरवाले उन्हाळ्यात असं करत. वैशाखात रस्त्याचं डांबर चपलेला चिकटतं, तिथे ट्यूबमधली हवा काय गप्प बसणार? ती फुगते आणि ट्यूब फोडते. पण बाकीचे मृग लागला की हा नियम गुंडाळून ठेवत, श्रावण मात्र बाराही महिने पाळी. लोक त्याला कंजूष म्हणत. हवेचा कंजूष म्हणजे काय ते त्यांचं त्यांना माहीत.

खरं कारण त्रेपन्न सालचं होतं. तेव्हा दुकान उत्तमरावांचं होतं आणि श्रावण त्यांच्या हाताखाली काम करी. मे महिन्यातल्या एका सकाळी त्याने ट्रकच्या चाकात सांगितली तेवढी पुरी हवा भरली आणि चाक बाहेर उन्हात ठेवलं. दुपारी उत्तमराव ते उचलायला वाकले आणि चाक त्यांच्या तोंडासमोर फुटलं. डावा डोळा गेला. उत्तमरावांनी एका शब्दानेही दोष दिला नाही. उलट दुकान त्याच्या हवाली केलं आणि मुलीकडे रिद्धपूरला राहायला गेले. जाताना म्हणाले, "तुहा हात चांगला हाये. भेऊ नोको." त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं श्रावणला पुढे कितीतरी वर्षं वाटत राहिलं.

असा हा फुटण्याला भिणारा माणूस हवेची होडी बनवायला निघाला, त्याला कारण त्याची सासुरवाडी.

त्याच्या बायकोचं, इंदूबाईचं माहेर पूर्णा नदीच्या पलीकडे बोरटेकला. पूल नाही. उन्हाळ्यात गुडघाभर पाण्यातून बैलगाडी जायची, पावसाळ्यात पुंजाजी भोयाचा डोंगा. डोंगा म्हणजे जाड लाकडाची जुनी जड होडी. पूर असला की पुंजाजी ती दोराने काठाकाठाने अर्धा मैल वर ओढत नेई आणि मग धारेत तिरकी सोडून बांबूने रेटत पलीकडे लावी. पाऊण तास लागे. पुंजाजीकडे घड्याळ नव्हतं, तो बिड्यांवर मोजायचा. बिन पुराची नदी दोन बिड्यांची, पुराची सहा बिड्यांची.

पंचावन्न सालच्या भादव्यात इंदूबाईचा एकुलता भाऊ देवमन निंदणाला गेला असताना त्याला साप चावला. अकोल्याकडच्या काठापासून दोन मैलांवर सरकारी दवाखाना होता, तिथे इंजेक्शन होतं. आईने, म्हणजे दुर्गाबाईने, त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि पुंजाजीने डोंगा सोडला. नदीच्या मधोमध देवमन बोलायचा थांबला. पलीकडे लागेपर्यंत सगळं आटोपलं होतं.

त्या दिवसानंतर दुर्गाबाईने त्या घाटावर पाय ठेवला नाही. पुढच्या साली नागपूरला दीक्षेला गेली, तीही अचलपूरवरून फेरा घालून. वाटेत पूल आला तेव्हा बसमध्ये पदर तोंडावर ओढून बसली. लेकीचं घर अकोल्यात, पण नऊ वर्षांत ती तिथे एकदाही आली नाही. नात जन्मली, चालायला लागली, शाळेत गेली, तरी नाही. इंदूबाई रडणाऱ्यातली नव्हती. पण पावसाची झड लागली आणि नदी भरल्याची बातमी आली की भाकरी थापता थापता तिचा हात थांबायचा आणि ती म्हणायची, "माय तिकडं एकटी हाये. काई झालं तं पुन्हा तोच डोंगा."  श्रावणच्या डोक्यात ते वाक्य रुतून बसलं होतं.

बासष्ट साली मोर्णेचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा त्याला होडी सुचली. सगळं सामान बुडालं, फक्त हवा भरलेल्या ट्यूबा तरंगत होत्या, आणि त्यातल्या एकीवर शेजाऱ्याची कोंबडी आरामात बसली होती. श्रावण कंबरभर पाण्यात उभा राहून त्या कोंबडीकडे बघत राहिला. ट्यूब बुडत नाही, वजनाला हलकी, पण पाणी नेईल तिकडे जाते. डोंगा सरळ जातो, पण जड, म्हणून हळू. मग खाली लाकूड आणि भोवती हवा असं का करू नये?

करायला दोन वर्षं लागली. ट्रकच्या जुन्या ट्यूबा कापून, टोकाला टोक लावून त्याने त्या भाजून जोडल्या आणि दोन लांबलचक नळकांडी बनवली. प्रत्येकात तीन खण पाडले, एक फुटला तरी बाकीचे तरंगावेत म्हणून. वरून जाड ताडपत्रीची खोळ शिवली. सुताराकडून सागाच्या पातळ फळ्यांचा तळ करून घेतला, पुढे नांगराच्या फाळासारखा निमुळता, पाणी कापत जाणारा. परतवाड्याच्या एका भंगारवाल्याकडे लढाईच्या वेळचं, मागे पंखा असलेलं होडीचं पेट्रोल इंजिन पडून होतं. श्रावणने एक पावसाळाभर त्याच्या ट्रकांची पंक्चरं काढली आणि ते उचलून आणलं. इंजिन दोघांनी मिळून उचलावं एवढंच, पण आवाज असा की बोरटेकची कुत्री गाव सोडून जात.

चौसष्टच्या ऑगस्टमध्ये एका रविवारी होडी पूर्णेवर आली. अख्खं गाव घाटावर होतं, एकटी दुर्गाबाई सोडून. श्रावणच्या हिशेबाने प्रत्येक खणात पाच पौंड हवा हवी होती. भर दुपारी काठावर त्याने पायपंपाने तीन भरली. हाताला सवयच तशी. पुंजाजी बिडी ओढत बघत होता.

"जवाईबापू," तो म्हणाला, "हे होडी हाये का गादी?"

लोक हसले. श्रावणने पेरं ठोकून बघितली, हवा कडक वाटली. होडी पाण्यात गेली, इंजिन गरजलं आणि होडीने मधेच मान टाकली. पुढचं नाक पाण्यात रुतलं, बाजूच्या नळकांड्यांना सुरकुत्या पडल्या, फळ्या करकरल्या. इंजिन धूर ओकत होतं आणि होडी डोंग्याहूनही हळू, वाहत वाहत मैलभर खाली जाऊन बाभळीत अडकली. तिला बैलगाडीत घालून परत आणावं लागलं. अशी वरात बोरटेकने आधी पाहिली नव्हती. पोरांना पुढे आठवडाभर दुसरा खेळ सुचला नाही.

काठावर आणल्यावर श्रावणने पुन्हा ठोकून पाहिलं. हवा चांगली कडक. म्हणजे दोष दुसरीकडे. पुढच्या रविवारी त्याने इंजिन थोडं वर उचलून बसवलं. त्याच्या पुढच्या रविवारी तळ आणखी रंधून घेतला. होडी दरवेळी तशीच मान टाकायची आणि काठावर आली की दरवेळी हवा तशीच कडक लागायची. तो चिडला, दोन घास कमी जेवायला लागला.

तिसऱ्या रविवारी इंदूबाई सोबत आली होती. होडी काठाशी पाण्यात बांधलेली होती, ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली आणि नळकांड्यावर हात दाबला.

"आवो, हे तं नरम हाये."

"आत्ता वर कडक होतं. म्या सोता ठोकलं."

"वर होतं ना. पोळी तव्यावर फुगते, ताटात पडली का बसते. तुमी उन्हात फुगवता अन् गार पाण्यात टाकता. मंग ते बसणार नाई का?"

श्रावणने स्वतः नळकांडं दाबून पाहिलं. पंधरा वर्षं हवेच्या धंद्यात काढलेला माणूस, उन्हाने हवा वाढते हे त्याने डोळा गमावलेल्या उस्तादाच्या तोंडावर वाचलं होतं. पण गार पाण्याने ती आकसते हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही. वऱ्हाडातल्या टायरला असलं थंड पाणी लागतं कधी? आणि त्यावर दोन पौंड त्याने स्वतःच कमी भरलेले. सगळी चूक त्याच्या एका पायात होती, पंप दाबणाऱ्या.

"मंग भरा ना पुरी," इंदूबाई म्हणाली.

"भरतो," तो म्हणाला आणि पंप लावला. तीन पौंडांपर्यंत पाय नीट चालला. मग थांबला. फुटणाऱ्या वस्तूवर माणसं बसणार, हे त्याच्या डोळ्यांपुढून हलेना. "पंप बिघडला दिसते," तो म्हणाला. पंप बिघडलेला नाही हे इंदूबाईला दिसत होतं. उत्तमरावांच्या डोळ्याची गोष्ट तिला माहीत होती, म्हणून तिने पंपाची नळी गुंडाळून ठेवली. होडी पुंजाजीच्या झोपडीत ठेवून दोघं अकोल्याला परतले.

सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ते पुन्हा बोरटेकला आले, डोंग्यातूनच. नदी दोन्ही काठ धरून चालली होती. सकाळी दहाच्या सुमारास दुर्गाबाई जावयाला चहा करायला म्हणून मागच्या छपरात गोवऱ्या काढायला गेली. परत आली ती रिकाम्या हाताने. उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलेलं.

"चहा होत नाई आता," ती म्हणाली. "मले पान लागलं."

साप चावला असं तिकडे कोणी तोंडाने म्हणत नाही. इंदूबाई मागे धावली तेव्हा गोवऱ्यांच्या राशीवर नाग फणा काढून होता. तिने आईचा दंड पदराच्या पट्टीने बांधला आणि तिला हाताला धरून घाटावर आणलं. दुर्गाबाई घाटाच्या तोंडाशी क्षणभर थांबली. मग उतरली.

पुंजाजीच्या हातात डोंग्याचा दोर होता. त्याने म्हातारीकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं आणि दोर खाली टाकला.

"मी पुन्हा तसा नेणार नाई," तो म्हणाला. "जवाईबापू, तुमची होडी काढा."

दोन पंप होते. एक पुंजाजीने घेतला, एक श्रावणने. पहिल्या खणात आधीची तीन पौंड होतीच. श्रावणने एकदा पाय दाबला, दोनदा दाबला, आणि पाय थांबला.  खाली ओल्या मातीत बसलेली दुर्गाबाई त्याच्याकडेच बघत होती.

"काहून थांबले, जवाई?"

"मामी, जास्त भरली तं फुटते."

"अन् कमी भरली तं?"

याचं उत्तर घाटावर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत होतं. श्रावणने पंप दाबायला सुरुवात केली. चार. पाच. गार पाण्यात एक जाईल म्हणून वर आणखी एक. सहाही खण भरून झाल्यावर त्याने पेरं ठोकली, आणि अकरा वर्षांत न ऐकलेला आवाज आला. त्याने हात मागे घेतला. पण होडी ढकलली.

पुढे पुंजाजी बांबू घेऊन, वाहून येणारी लाकडं सारायला. मधे आईला कवेत धरून इंदूबाई. मागे इंजिनापाशी श्रावण. इंजिन गरजलं आणि यावेळी नाक रुतलं नाही, वर उचललं. तळ पाण्यावर चढला. होडी पाण्यात नव्हतीच, ती पाण्याच्या पाठीवरून धावत होती, खालून फळ्यांना थाड थाड दणके बसत होते आणि धार तिला धरायला बघत होती तोवर ती पुढे निघून जात होती. नळकांड्यांना एक सुरकुती नव्हती. श्रावणला ओरडावंसं वाटलं, पण त्याचे डोळे दुर्गाबाईवर होते.

दवाखान्याच्या कंपाउंडरने गावोगाव सांगून ठेवलं होतं, पान लागलेल्या माणसाला बोलतं ठेवा, पापण्या बघा. दुर्गाबाईला बोलतं ठेवायची कधीच गरज पडली नव्हती. ती काठापासून बोलतच होती. गोवऱ्या ओल्या आहेत, छप्पर गळतं, दोन वर्षं सांगून राहिली पण जावयाला होडीपुढे छप्पर दिसत नाही. श्रावण प्रत्येक शब्द कान टवकारून ऐकत होता. एवढ्या शिव्या त्याने आयुष्यात इतक्या आनंदाने खाल्ल्या नव्हत्या.

नदीच्या मधोमध ती गप्प झाली. डोळे मिटलेले.

"मामी," श्रावणने हाक मारली. उत्तर नाही. "मामी." इंदूबाईने आईची हनुवटी धरून हलवली. पुंजाजी मागे वळला नाही, समोरून येणारं लाकूड त्याने बांबूने बाजूला सारलं. श्रावणने इंजिनाला होती नव्हती तेवढी ताकद दिली.

"बोंबलू नोको," दुर्गाबाई डोळे न उघडता म्हणाली. "देवमन इथंच गप झाला होता. त्याले सांगून राहिली, मी पुढं जातो म्हून."

मग काठ आला. पुंजाजीने उडी मारून दोर धरला. पंप मारताना पेटवलेली बिडी अजून त्याच्या ओठात होती, अर्धीही जळली नव्हती. त्याने ती विझवून कानामागे ठेवली. घाटावर एक बैलगाडी उभी होती, रबरी चाकांची. तिच्यात म्हातारीला घातलं आणि गाडीवानाने बैल पिटाळले.

दवाखान्यात पोचेपर्यंत दुर्गाबाईची जीभ जड झाली होती, पापण्या खाली येत होत्या. पुण्याकडचा तरुण डॉक्टर होता, त्याने रॉकेलवर चालणाऱ्या थंड कपाटातून बाटल्या काढल्या आणि सुई टोचता टोचता विचारलं, "चावून किती वेळ झाला?" श्रावणने सांगितलं. डॉक्टरने मान वर केली. "तुम्ही बोरटेकचे ना? नदीला पूर आहे. खरी वेळ सांगा." श्रावणने तीच वेळ पुन्हा सांगितली. इंदूबाई म्हणाली, "खरीच हाये, डॉक्टरसाहेब. मोजून घ्या."

दोन वाजता दुर्गाबाईने डोळे उघडले आणि जड जिभेने विचारलं, "चहा भेटन का इथं?"

डॉक्टर हसला. म्हणाला, आता काळजी नाही, चार दिवस ठेवू. श्रावण बाहेर आला आणि भिंतीला टेकला. तो खाली बसला. किती वर्षांचं काहीतरी छातीवरून उतरत होतं, देवमनचं, उत्तमरावांचं, बायकोच्या थांबलेल्या हाताचं. त्याला हसूही येत होतं आणि डोळेही भरले होते. तोंड पुसायला त्याने मान वर केली आणि त्याचं हसू थिजलं.

ऊन पडलं होतं. ढग केव्हाच निघून गेले होते आणि भादव्यातलं ऊन तापलं होतं. काठावर ओढलेली होडी, सहा पौंड हवा, आणि तिच्याशेजारी बसलेला पुंजाजी.

दोन मैल तो धावत गेला. वाटेत प्रत्येक पावलाला फुटल्याचा आवाज त्याला ऐकू येत होता. घाटावर पोचला तेव्हा काठ रिकामा होता. होडी पाण्यात होती, दोराने बांधलेली, आणि पुंजाजी कंबरभर पाण्यात उभा राहून तिच्यावर पसरलेल्या आपल्या धोतरावर ओंजळीने पाणी टाकत होता. अंगावर फक्त लंगोट.

"धाऊन काहून राहिले, जवाईबापू? म्हातारी?"

"बरी हाये. चहा मागते." श्रावणला धाप लागली होती. "पुंजाजी, होडी उन्हात..."

"तुमी उन्हाले भेता, हे मले दिसत नाई का? ऊन पडलं, मी ढकलली पाण्यात." पुंजाजीने पाणी टाकायचं थांबवलं. कानामागची बिडी काढून तळहातावर धरली. "एवढीच जळली, पहा. त्या दिवशी सहा झाल्या होत्या. मी एकेक मोजली होती."

श्रावण कपड्यांसकट पाण्यात उतरला आणि त्याच्या शेजारी उभा राहिला. त्याने पेरं ठोकली. हवा होती तशी होती. मग त्यानेही ओंजळ भरून धोतरावर पाणी टाकलं.

त्याच आठवड्यात श्रावणने उत्तमरावांना रिद्धपूरला कार्ड टाकलं. त्यात एवढंच होतं की सहा पौंड भरली, फुटली नाही, आणि तुमची आठवण आली.

चार दिवसांनी दुर्गाबाईला सोडलं. बैलगाडी घाटाकडे वळू लागली तशी तिने गाडीवानाला थांबवलं. "अकोला कोनीकडं हाये?" गाडीवानाने उलट्या दिशेला बोट दाखवलं. "मंग तिकडं घे," ती म्हणाली. इंदूबाई आईकडे बघत राहिली.

फाट्यावरून बस मिळाली. जुन्या शहरातल्या त्या दोन खोल्यांच्या दारात दुर्गाबाई थांबली. चौकट, कोनाडा, नातीचं दप्तर, खुंटीला टांगलेली ट्यूब, सगळं तिने नीट पाहून घेतलं. मग हाताला बांधलेली पट्टी सावरत उंबरा ओलांडला.

"अर्ध्या बिडीची तं वाट होती, इंदे," ती म्हणाली. "मले नऊ वर्षं लागले."

इंदूबाईने तोंड फिरवलं आणि चुलीवर चहाचं आधण ठेवलं.